जैसलमेरला बाबांच्या नावाने ५०० झाडं लावायची आहेत, कोणती स्थानिक संस्था चांगली?

उगवती

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

माझे बाबा फेब्रुवारीत गेले. लष्करात होते, आणि नोकरीतली सगळ्यात आवडती वर्षं कुठली असं कुणी विचारलं की कायम जैसलमेर म्हणायचे, १९८४ ते ८७, पार रामगढच्या पुढे. आम्हा भावंडांना लहानपणी वाळवंट म्हणजे बाबांची ट्रंक एवढंच माहीत, आई दर दिवाळीला ती उलटी करून झटकायची आणि तरी पुढच्या वर्षी कोपऱ्यातून परत चिमूटभर वाळू निघायचीच.

आता आम्ही तिघांनी मिळून १,८०,००० रुपये बाजूला काढलेत. एका मोठ्या शहरातल्या संस्थेशी बोलणं झालंय, झाडामागे ३६० रुपये घेतात, जैसलमेर जिल्ह्यात ५०० झाडं लावून देतील, प्रत्येकाचा फोटो लोकेशनसकट पाठवतील आणि वर सर्टिफिकेट. ऐकायला बरं वाटलं, पण कुठली झाडं विचारलं तर "मिक्स नेटिव्ह" एवढंच उत्तर, आणि पाणी कोण घालणार विचारलं तर "लोकल टीम बघते". मग जरा पाल चुकचुकली.

तर विचारायचं असं की थरच्या वाळवंटात खरोखर तिथलीच माणसं पर्यावरणाचं, वन्यजीवांचं काम करतात असे गट, संस्था कोणत्या? कुणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? आणि नुसते पैसे न देता आम्ही तिघं आठ-दहा दिवस जाऊन काही हातभार लावू शकतो का? भावाचे गुडघे दुखतात पण उत्साह दांडगा आहे.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे. एकदा त्यांची जीप वाळूत रुतली, दुपारची वेळ, चालत चालत एका वस्तीवर पोचले तर एका म्हाताऱ्या बाईने लोट्यात अर्धंच पाणी दिलं. बाबांनी प्यायलं आणि तळाशी दोन घोट उरले ते सवयीने खाली ओतायला गेले तर तिने हातच धरला, लोटा काढून घेतला आणि ते दोन घोट शेळीच्या भांड्यात ओतले. बाबा घरी आम्हाला नळ चालू सोडला म्हणून कधी ओरडले नाहीत, फक्त "शेळी" एवढंच म्हणायचे. त्यांच्या नावाने जे करू ते नीट व्हावं एवढीच इच्छा आहे.

डोंगरवाट

उगवतीताई, बाबांना विनम्र श्रद्धांजली. कल्पना अतिशय सुंदर आहे, मागे हटू नका. आम्ही आमच्या गावच्या टेकडीवर लोकसहभागातून झाडं लावली, पहिली ३ वर्षं टँकरने पाणी घातलं आणि आज तिथे सावली आहे, पक्षी आहेत. वाळवंट हिरवं करता येतं, इच्छाशक्ती पाहिजे. कडुनिंब, करंज, शिसव लावा, काटक असतात. संस्थेशी लेखी करार करा आणि ३ वर्षांनी किती जगली त्याची अट त्यात टाका म्हणजे झालं.

रेतीतली_वाट

ताई, तुमची पाल बरोबर चुकचुकली. मी नोकरीनिमित्त ७ वर्षं जोधपूरला होतो, सुट्टीचे दिवस बहुतेक जैसलमेर, फलोदी, बिकानेर असे फिरण्यात गेले, तिथल्या गटांसोबत थोडंफार कामही केलं, त्यावरून सांगतो. डोंगरवाट यांच्या टेकडीबद्दल आदर आहे, पण तिथे पाऊस आपल्या निम्म्याहूनही कमी, जैसलमेरला वर्षाला जेमतेम १५० ते २०० मिमी, आणि तेवढ्या पाण्यावर जे जगायचं ते तिथे आधीच जगतंय. आपल्याला ते दिसत नाही कारण आपल्या डोळ्यांना झाड म्हणजे वड-पिंपळ पाहिजे असतो. सेवण नावाचं गवत आहे, उन्हाळ्यात बघाल तर वाळून कोळ झालेला झुपका, पाऊस पडला की त्याच झुपक्यातून हिरवं वर येतं, वर्षानुवर्षं तेच रोप, त्याच्यावर गाई, मेंढ्या, हरणं, माळढोक सगळे. फोग नावाचं झुडूप आहे, वाळू धरून ठेवतं. केर, जाळ, रोहिडा, बोरडी ही तिथलीच झाडं-झुडपं. आणि खेजडी. खेजडी म्हणजे कोण, तर आपली शमी. दसऱ्याला जिची आपण पूजा करतो तीच. तिथे तो राजस्थानचा राज्यवृक्ष आहे, १९८३ पासून, पण त्याच्याही आधी ते घरचं झाड आहे, शेंगा म्हणजे सांगरी भाजीला, पाला म्हणजे लूंग शेळ्या-उंटांना, आणि झाडाखाली बाजरी उलट जास्त चांगली येते. आणि ही खेजडी कुणी खड्डे खणून लावत बसत नाही हो, आपोआप उगवते, शेतकरी नांगरताना रोप दिसलं की तेवढा भाग सोडून पुढे जातो. एवढंच करायचं असतं, सोडून द्यायचं.

म्हणून तिथले जे खरे गट आहेत त्यांच्याकडे जाऊन "आम्हाला झाडं लावायचीत" म्हणालात तर नाही म्हणणार नाहीत, पाहुण्याला नाही म्हणत नाहीत तिकडे, पण त्यांचं स्वतःचं काम बघाल तर ते लावण्याचं कमी आणि राखण्याचं जास्त आहे.

सगळ्यात आधी ओरण समजून घ्या. ओरण म्हणजे आपली देवराई, फक्त आपल्याकडे देवराई म्हणजे दाट गर्द झाडी आणि तिकडे मैलोनमैल गवत, मधेमधे खेजडी, जाळ, एखादी नाडी म्हणजे तळं, आणि देवाचं ठाणं. देवाच्या नावाने सोडलेली जमीन, कुऱ्हाड लावायची नाही, नांगर घालायचा नाही, गुरं मात्र चारायची. जैसलमेर जिल्ह्यात देगराय मातेचं ओरण आहे, सुमारे ६० हजार बिघ्यांचं, आजूबाजूच्या गावांचे उंट, गाई, मेंढ्या त्याच्यावर. पण महसूल खात्याच्या कागदावर त्यातली निम्म्याहून कमी जमीनच ओरण म्हणून लागलेली, उरलेली सरकारी सिवायचक, म्हणजे आपल्याकडे सरकारी पडीक म्हणतात ना तसलं. आणि पडीक म्हटलं की ती कुणालाही देता येते. सोलर आणि पवनचक्क्यांच्या प्रकल्पांना तिकडे अशाच जमिनी गेल्यात.

तर जैसलमेरमधल्या पशुपालकांनी आणि तरुण पोरांनी मिळून 'टीम ओरण' म्हणून काम उभं केलंय. मी एका थंडीत त्यांच्यातल्या काही जणांबरोबर दोन दिवस होतो. मला वाटलेलं पक्षी बघायला नेतील. पहिला अख्खा दिवस आम्ही एका चौकात सतरंजीवर बसून जुने नकाशे, खसरा नंबर म्हणजे आपले गट नंबर, आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी जुळवत होतो. एक आजोबा, ऐंशीच्या घरातले, बोटाने सतरंजीवर रेघ ओढून सांगत होते की ओरणाची शीव या टेकाडापासून त्या जाळाच्या झाडापर्यंत, आणि एक पोरगा मोबाईलवर तो बिंदू टाकत होता. दुसऱ्या दिवशी त्याच शिवेवरून चालत गेलो. तिकडे ही पद्धतच आहे, ओरणाची परिक्रमा करायची, वाटेत दूध शिंपडत जायचं, म्हणजे देवाला साक्ष ठेवून हद्द परत आखायची. माझ्या पुढे एक बाई दुधाची किटली घेऊन चालत होती, तिचा थेंब थेंब सांडायचा अंदाज असा होता की किटली बरोबर टेकाडाशी संपली. यात्रा काढायच्या, कलेक्टर कचेरीवर बसायचं, अर्ज करायचे, तारखांना जायचं, हेच त्यांचं पर्यावरणाचं काम. ओरणांसाठी लोकांनी असे प्रयत्न चालवलेले असताना १८ डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने राजस्थान सरकारला सांगितलं की ओरण, देवबणी म्हणजे तिकडच्या देवराया, यांचा जमिनीवर आणि उपग्रहावरून सर्व्हे करा आणि वन म्हणून नोंद करा. त्यातही गावकऱ्यांना वेगळी धास्ती आहे, वन झालं की उद्या वनखातं म्हणेल गुरं आणू नका, आणि चराईच गेली तर ओरण राखणार कोण? ही भीती मला तरी खोटी वाटत नाही. आपल्याकडे गायरानाचं काय झालं ते बघतोच की.

दुसरं पाणी, आणि हे तुमच्यासाठी खास लिहितोय. बाबांना त्या आजींनी दिलेलं पाणी बहुतेक टांक्यातलं असणार. रामगढच्या पुढे त्या काळी नळ कुठला. टांका म्हणजे अंगणातलं किंवा शेतातलं जमिनीखालचं गोल टाकं, वर झाकण, आणि त्याच्या भोवती उतार दिलेली चोपून घट्ट केलेली जमीन, तिला आगोर म्हणतात. पाऊस आगोरावर पडतो आणि छोट्या भोकांतून टाक्यात उतरतो. हिशोब सरळ आहे, १०० चौरस मीटर आगोर आणि २०० मिमी पाऊस म्हणजे २० हजार लिटर, थोडं जमीन पिते, थोडं उडून जातं, तरी एका घराचं पिण्याचं बरेच महिने भागतं. जोधपूरची ग्राविस, म्हणजे ग्रामीण विकास विज्ञान समिती, १९८३ पासून हे काम करते, टांके, नाड्या, खडीन म्हणजे बांध घालून पावसाचं पाणी अडवलेलं शेत, गोचर म्हणजे गायरान जमिनीची सुधारणा. बिकानेरकडे उरमूल आहे, ती मूळ दूध संघातून निघालेली, तिचं काम आरोग्य, विणकाम, उंटाचं दूध असं पसरलेलं.

मी एकदा एका ढाणीवर, ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, असाच उत्साहात बोलत बोलत टांक्याजवळ गेलो तर आतून एक आजी ओरडत आली. मला कळेना काय झालं. मी बूट घालून आगोरात शिरलो होतो. तिने मला काही शिक्षा केली नाही, फक्त खराटा हातात दिला, आणि मी माझ्या पावलांच्या खुणा झाडून बाहेर आलो. ज्येष्ठात सगळं घर मिळून आगोर झाडतं, शेळीची लेंडी, काटक्या, वाळू सगळं काढतं, मग पावसाची वाट बघतात.

तर माझं स्पष्ट मत, ५०० झाडांचा नाद सोडा. त्या पैशात टांका होतो का, किती होतात, ते संस्थेला विचारा. ऑडिट रिपोर्ट मागा, ८०जी म्हणजे देणगीवरची करसवलत आहे का विचारा, आणि मुख्य म्हणजे कुणाच्या घरी बांधायचा ते गावाच्या बैठकीत ठरतं का हे विचारा. ते नीट सांगतात की नाही यावरून कळतं.

माळरान_सोलापूर

वरच्या प्रतिसादाला मनापासून अनुमोदन. मी सोलापूर जिल्ह्यातला, माळावर वाढलेला. माळढोक आमच्याकडे होता हो. नान्नजचं अभयारण्य १९७९ चं. माझे चुलते सांगायचे की पावसाळ्यात नर छातीची पिशवी फुगवून उभा राहायचा आणि त्याचा घुमण्याचा आवाज पार लांब ऐकू यायचा. आता नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. कारणं अनेक आहेत पण एक मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या गावच्या माळावर कुणीतरी चांगल्या हेतूने ओळीने खड्डे मारले आणि गिरिपुष्प, सुबाभूळ लावली. झाडं जगली, फोटोही छान आले. पण माळढोक मोकळ्या गवतातला पक्षी, त्याला चारी बाजूला लांबवर दिसायला पाहिजे, जमिनीवरच एक अंडं घालतो, झाडी आली की तो निघून जातो, चंडोल जातो, धाविक जातो, खोकड जाते. मी तेव्हा शाळेत होतो आणि खड्डे मारायला आम्हीच पोरं होतो, आजही त्या माळावरून जाताना मला ते खड्डे आठवतात. म्हणून झाडं लावतो म्हणणाऱ्यांना मी आधी विचारतो, तिथे आत्ता काय आहे ते बघितलं का?

थरमध्ये आता शेवटचे माळढोक उरलेत, तिकडे गोडावण म्हणतात, जगात मोकळ्यावर उरलेले सगळे मिळून दीडशेच्या आसपास. १५ किलोपर्यंत वजन, समोरचं नीट दिसत नाही कारण डोळे बाजूला, उडताना विजेची तार जवळ येईपर्यंत कळत नाही आणि कळल्यावर एवढं जड धूड वळवता येत नाही. वाईल्डलाइफ इन्स्टिट्यूटने तिकडच्या ४,२०० चौरस किमीचा अभ्यास केला तर सगळ्या जातींचे मिळून वर्षाला ८४ हजारांच्या आसपास पक्षी तारांमुळे मरतात असा अंदाज निघाला. २०२० मध्ये देगराय ओरणाकडे तारेखाली मेलेला माळढोक सापडला तो असाच. जैसलमेर जिल्ह्यातल्या सम गावच्या केंद्रात २०१९ पासून आणि रामदेवऱ्याच्या केंद्रात २०२२ पासून अंडी उबवून पिल्लं वाढवतायत, ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही झालं, हे फार मोठं काम आहे, पण ती पिल्लं सोडायची कुठे? मोकळं गवत आणि तारा नसलेलं आभाळ शिल्लक पाहिजे ना. तिथेच स्थानिक माणूस लागतो. ईआरडीएस फाउंडेशन म्हणून आहे, ते गावातल्याच गुराख्यांना, पोरांना जोडून घेऊन गोडावणावर लक्ष ठेवतात, कुठे दिसला, कुठे कुत्री मागे लागली, कुठे तारेखाली काही पडलंय. दिवसभर माळावर असतो तो मेंढपाळ, त्याच्याइतकं कुणाला कळणार. आमच्याकडे धनगरांना कुणी हे काम दिलंच नाही, उलट माळावर यायची बंदी घातली, ही आमची मोठी चूक झाली असं मला वाटतं.

डोंगरवाट

दोन्ही प्रतिसाद वाचले, दोनदा वाचले. टेकडीचा अनुभव वाळवंटाला लावायला नको होता हे पटलं, करंज-शिसवचा सल्ला मागे घेतो. पण एक प्रश्न खरोखर पडलाय. सोलर तर पाहिजेच ना? कोळसा जाळायचा नाही, धरणं बांधायची नाहीत, मग ऊर्जा आणायची कुठून? ऊन सगळ्यात जास्त तिथेच आहे.

उन्हातला_इंजिनिअर

याचं उत्तर मी देतो कारण मी ५ वर्षं फलोदी भागात सोलरच्या साइटवर होतो. भडला पार्क २,२४५ मेगावॉटचं, साधारण ५,७०० हेक्टरवर, मी उभा राहून बघितलंय, नजर संपते तिथपर्यंत पॅनल. मला माझ्या कामाचा अभिमान आहे आणि सोलर हवंच या मताचा मी आहे. पण जागा निवडताना जे चालतं ते चुकीचं आहे. कागदावर वेस्टलँड लिहिलंय म्हणून आम्ही रिकामी जमीन समजून जायचो आणि जागेवर गेल्यावर तिथे पाणवठ्याची वाट असायची, कुण्या देवाचं थान असायचं, शंभरेक उंट रोज त्या वाटेने जात असायचे. एका साइटवर (कंपनीचं नाव घेत नाही) खेजड्या पाडल्या त्या रात्रीत. सकाळी गेलो तर बुंध्यांवर वाळू ओढलेली. एका बुंध्याशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, बिश्नोई समाजाचे असावेत, पांढरे कपडे, ते काही बोलले नाहीत, बुंध्यावरची वाळू हाताने बाजूला करत होते. मी त्यांना काय सांगणार होतो. पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली, कारण एवढंच नव्हतं, पण हे होतंच.

तिथले गट सोलरच्या विरोधात नाहीत, हे कृपया लक्षात घ्या. त्यांचं म्हणणं एवढंच की ओरण सोडा, गोचर सोडा, तळ्याचं पाणलोट सोडा, तारा शक्य तिथे जमिनीखालून न्या, नाहीतर निदान पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावा. तांत्रिकदृष्ट्या यातलं बरंचसं होण्यासारखं आहे, खर्च वाढतो आणि वेळ वाढतो, म्हणून टाळतात. बिकानेरकडे खेजडी वाचवायला लोक महिनोन् महिने धरण्यावर बसले ते यासाठीच.

रेतीतली_वाट

वर बिश्नोईंचा, म्हणजे झाडं-जनावरं राखणाऱ्या समाजाचा, उल्लेख आला म्हणून. जोधपूरपासून २५-२६ किमीवर खेजडली गाव आहे. १७३० मध्ये राजाच्या माणसांनी चुनाभट्टीसाठी खेजड्या तोडायला घेतल्या तेव्हा अमृतादेवी आणि तिच्या मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या, एकूण ३६३ माणसं गेली. भाद्रपद शुद्ध दशमीला तिथे जत्रा भरते. मी गेलो होतो, बायका अंगभर सोनं घालून, पोरंबाळं घेऊन येतात, अगदी लग्नाला यावं तशा, आणि हवनात तूप-नारळ घालतात. त्या गर्दीत मला पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला चळवळ म्हणतो ते यांच्याकडे घरातलं कार्य आहे.

आणि खीचन राहिलंच. फलोदीजवळचं गाव, थंडीत कुरजां म्हणजे करकोचे येतात मंगोलिया, कझाकस्तानकडून हिमालय ओलांडून. १९७०च्या दशकात गावातल्या एका कुटुंबाने दाणे टाकायला सुरुवात केली, मग सगळं गाव लागलं, आता त्याला चुग्गाघर म्हणून कुंपण घातलेली जागा आहे, रोज ज्वारीची पोती रिकामी होतात, बाहेरगावी व्यापाराला गेलेली खीचनची माणसं त्यासाठी पैसे पाठवतात. जून २०२५ मध्ये रामसर यादीत गेलं. तुम्ही थंडीत गेलात तर पहाटे गच्चीवर जाऊन उभे राहा, आधी आवाज येतो आणि मग आभाळ भरतं.

झाडं लावायचीच असतील तर कशी, हे बघायचं असेल तर जोधपूरच्या किल्ल्याखालचा राव जोधा पार्क बघा. ७० हेक्टर खडक, सगळा विलायती बाभळीने, म्हणजे आपण वेडी बाभूळ म्हणतो तिने, भरलेला. २००६ पासून झाडांचे अभ्यासक प्रदीप कृष्ण यांनी तिथे काम केलं. बाभूळ मुळासकट निघेना, तेव्हा दगडाच्या खाणीत काम करणारे खांडवालिया लोक आले. ते खडकावर घण मारून आवाज ऐकतात आणि सांगतात दगड कुठे मऊ आहे, तिथेच खड्डा, तिथेच थोर नाहीतर कुमट अशी तिथली झाडं. कितीतरी वर्षं लागली. ३६० रुपये आणि एक फोटो असं ते काम नाही.

खाडीपलीकडे

दुबईहून वाचतोय. ताई, शमी वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. इथे तिला गाफ म्हणतात, युएईचा राष्ट्रीय वृक्ष आहे, आणि २०१९ हे सहिष्णुता वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हा त्याचं चिन्ह गाफचं झाड होतं. इथेही गट आहेत, गूमबुक म्हणून एक आहे, त्यांची गाफ लावायची मोहीम आहे, मी एकदा मुलीला घेऊन गेलो होतो. इथल्या वाळूत शमीचं रोप लावताना मुलीने विचारलं की मग दसऱ्याला आपण आपट्याऐवजी हिचीच पानं का नाही घ्यायची? तेव्हा कळलं की मी स्वतः शमी कधी नीट बघितलीच नव्हती, नगरला घराशेजारी मारुतीच्या देवळात होती तरी.

उगवती

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस काहीच लिहिलं नाही कारण हे सगळं आधी भावंडांना आणि मग आईला वाचून दाखवलं. टांक्याचं वाचताना आई मधेच म्हणाली की बाबांनी तिला पत्रात लिहिलेलं, इथे लोक अंगण झाडतात ते पाण्यासाठी. तिला त्याचा अर्थ तेव्हा कळला नव्हता, तिला वाटलं सडा घालायला.

त्या ५०० झाडांना नाही म्हणून कळवलं. तिकडच्या एका संस्थेशी फोनवर बोलणं झालं, ऑडिट रिपोर्ट न मागता त्यांनीच पाठवला. कुणाच्या घरी बांधायचा ते गावाची बैठक ठरवणार, खणायचं काम त्या घरची माणसं स्वतः करतात, आपण साहित्याचे आणि गवंड्याचे पैसे द्यायचे. त्यांनी उलट आम्हालाच विचारलं की बाबा कुठल्या बाजूला होते, म्हणजे शक्य झालं तर त्याच भागातलं गाव बघू. मी विचारलं आम्ही येऊन काय करू शकतो, तर म्हणाले जानेवारीत या, आगोर चोपायला माणसं लागतात. थोडे पैसे ओरणाच्या कामाला द्यायचे असं धाकटीचं म्हणणं आहे, कोर्टकचेरीला जाण्या-येण्याचा खर्च कुणी देत नाही म्हणते, ते मलाही पटलं.

एकच शेवटचं विचारते. टांक्यावर बाबांचं नाव लिहावं का? भावाला हवंय, आईला नकोय. आणि जानेवारीत थंडी किती असते, भावाच्या गुडघ्यांसाठी विचारतेय.

रेतीतली_वाट

वाचून फार बरं वाटलं ताई. नावाचं म्हणाल तर बऱ्याच टांक्यांवर साल आणि घरमालकाचं नाव असतं, देणगीदाराचंही असतं कधी कधी. पण रोज पाणी काढणार ते घर, त्यामुळे मला आईंचं पटतं. अगदीच वाटलं तर त्या घरच्यांनाच विचारा, ते सांगतील.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. दिवसा ऊन लागतं आणि रात्री पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याहीखाली, आणि वारा असतो. भावाला गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या आणि बसायला छोटं स्टूल घेऊन जायला सांगा, आगोर चोपताना उकिडवं बसावं लागतं तासन् तास. आणि काढायला-घालायला सोप्या चपला न्या, बूट नकोत.